मधल्या फळीतील ऊर्जा-संशोधकाचे नामांकन: शिफारस करणाऱ्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या संस्थांची मुंबईत वाण नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. पवईच्या आयआयटीत सौरविद्युतीवरचे राष्ट्रीय केंद्र २०१० पासून काम करीत आहे, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करण्यावर संशोधन होते आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ऊर्जेच्या प्रश्नांना उपयोगी पडतील अशा नव्या पदार्थांचा अभ्यास चालतो. या सगळ्या ठिकाणी पस्तिशी ओलांडलेले, पण पन्नाशी न गाठलेले असे कितीतरी शास्त्रज्ञ आहेत, ज्यांच्या हातून स्वतःचे म्हणता येईल असे काम होऊन गेले आहे, परंतु ज्यांचे नाव पुरस्कारासाठी पुढे करायला कोणी सवड काढलेली नाही. ज्येष्ठांची नावे सर्वांना आपसूक सुचतात, नवोदितांसाठी त्यांचे मार्गदर्शक धावपळ करतात. मधली फळी मात्र प्रकल्पांचे हिशेब, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि उपकरणांच्या निविदा यांत अडकलेली असते, आणि स्वतःविषयी बोलण्याचा संकोच असतो तो वेगळाच.

अशा शास्त्रज्ञांबरोबर नामांकनाची कागदपत्रे तयार करण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आलो आहे. हा लेख नाव सुचवणाऱ्यासाठी आहे, मग तो विभागप्रमुख असो, सहकारी असो किंवा पीएचडीचा जुना मार्गदर्शक असो. माझे सांगणे मुख्यतः एकच आहे: नामांकन म्हणजे बायोडाटा नव्हे. या व्यक्तीमुळे नेमके काय बदलले, हे पुराव्यानिशी मांडलेले ते एक निवेदन असते, आणि ते निवेदन लिहिण्याची जबाबदारी सर्वस्वी शिफारस करणाऱ्याची असते.

कोणता पुरस्कार

आपल्याकडे मधल्या वयाच्या शास्त्रज्ञांचा सर्वांत मानाचा सरकारी पुरस्कार म्हणजे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक, जे १९५७ मध्ये स्थापन झाले आणि ज्याची वयोमर्यादा ४५ वर्षे होती. सरकारने २०२३ मध्ये विज्ञान पुरस्कारांची फेररचना करून ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार’ ही एकच योजना आणली. तिचे चार विभाग आहेत. जन्मभराच्या कार्यासाठी विज्ञान रत्न, भरीव योगदानासाठी विज्ञान श्री, ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर आणि तीन किंवा अधिक जणांच्या गटासाठी विज्ञान टीम. रत्न आणि टीम हे प्रत्येकी जास्तीत जास्त तीन, तर श्री आणि युवा हे प्रत्येकी जास्तीत जास्त पंचवीस देता येतात. पदक आणि प्रमाणपत्र हेच पुरस्काराचे स्वरूप आहे.

म्हणजे मधल्या फळीला दोन दारे आहेत. वय ४५ च्या आत असेल तर विज्ञान युवा, आणि ते वय उलटून गेले असेल तर विज्ञान श्री. या दोहोंत एक मोठा फरक आहे, तो लक्षात न घेतल्यामुळे बरेच अर्ज फिके पडतात. ‘युवा’मध्ये उमेदवाराची तुलना त्याच्या समवयस्कांशी होते, तर ‘श्री’मध्ये पन्नास-साठ वर्षांच्या, दीर्घ कामगिरी असलेल्या शास्त्रज्ञांशीही होऊ शकते. त्यामुळे ४४ व्या वर्षी ‘अजून एक-दोन मोठे शोधनिबंध येऊ देत’ असे म्हणून थांबणे बहुधा चुकीचे ठरते. सरकारी नोकरी ही अट नाही. खासगी कंपनीत काम करणारे, कोणत्याही संस्थेत नसणारे आणि परदेशात राहून भारतीय समाजाला उपयोगी पडणारे काम केलेले भारतीय वंशाचे संशोधकही पात्र ठरतात.

ज्यांचे विद्यार्थी किंवा नातेवाईक अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत आहेत, असे काहीजण तिथल्या ऊर्जा खात्याच्या अर्नेस्ट ऑर्लांडो लॉरेन्स पुरस्काराविषयी विचारतात. सायक्लोट्रॉन या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचे जनक आणि १९३९ चे नोबेल मानकरी असलेल्या लॉरेन्स यांचे १९५८ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी हा पुरस्कार सुरू झाला. तो खास कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्यांसाठी आहे, त्यात सुवर्णपदक, मानपत्र आणि २०,००० डॉलर मिळतात, आणि संगलन व प्लाझ्मा, अणुकेंद्रकीय भौतिकी, ऊर्जाविज्ञान अशा ठरावीक विषयांतच नाव द्यावे लागते. तो तिथल्या खात्याच्या कामाशी जोडलेला असल्याने मुंबईतल्या संशोधकासाठी नाही. पण अर्जाची तयारी मात्र पुढे सांगितली आहे तशीच करावी लागते.

तारखा आणि वय

योजना जाहीर झाली तेव्हा नामांकने १४ जानेवारी ते २८ फेब्रुवारी या काळात मागवावीत, नावे ११ मे रोजी जाहीर व्हावीत आणि समारंभ २३ ऑगस्टला व्हावा, असे ठरले होते. पहिल्या वर्षी मात्र नावे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली आणि राष्ट्रपती भवनातला समारंभ २२ ऑगस्टला झाला. वेळापत्रक पुढेमागे होते, म्हणून त्या त्या वर्षीची सूचना निघाल्याबरोबर ती पूर्ण वाचावी, वय कोणत्या तारखेला मोजले जाणार ते पाहावे आणि जन्मतारखेच्या पुराव्याशी ते ताबडतोब ताडून घ्यावे.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण एका संस्थेत माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या उमेदवाराची संधी हुकली. अर्ज तयार होता. वरिष्ठांची सही राहिली होती, फाइल एका टेबलावर तीन आठवडे पडून राहिली, आणि मुदत संपली. पुढच्या वर्षी त्यांचे वय बसत नव्हते. फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे रोज विचारणे मला तेव्हा अवघड वाटले होते. आज मी ते दिवसातून दोनदा विचारतो. संस्थेची ना-हरकत, दक्षता मंजुरी (उमेदवारावर गैरव्यवहाराची चौकशी नसल्याचा दाखला) आणि प्रमुखांची सही या तीन गोष्टींसाठी किमान महिना धरावा, आणि मजकूर पूर्ण होण्याची वाट न पाहता ही प्रक्रिया आधी सुरू करावी.

विषयाचे सदर निवडणे

ऊर्जा-संशोधकाच्या बाबतीत इथेच खरा पेच असतो. राष्ट्रीय विज्ञान पुरस्काराची तेरा क्षेत्रे आहेत: भौतिकी, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित व संगणकशास्त्र, पृथ्वीविज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी, कृषी, पर्यावरण, तंत्रज्ञान व नवोपक्रम, अणुऊर्जा, अवकाश आणि इतर. अणुऊर्जा सोडली तर ‘ऊर्जा’ असे सदरच यांत नाही. बॅटरीवर काम करणारा रसायनशास्त्रात जाईल की अभियांत्रिकीत? सौरघटाचा अभ्यासक भौतिकीत, की तंत्रज्ञान व नवोपक्रमात?

याचे उत्तर प्रयोगशाळेच्या पाटीवर शोधू नये, उमेदवाराच्या सर्वांत भक्कम दाव्यात शोधावे. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर अभिक्रिया कशी होते याचे नवे आकलन त्याने दिले असेल, तर ते रसायनशास्त्र आहे, आणि तिथे त्याला त्या विषयाचे जाणकार वाचतील. त्याच बॅटरीचा संच उन्हाळ्यातल्या तापमानात सुरक्षित चालावा म्हणून त्याने शीतकरणाची रचना केली असेल, तर ती अभियांत्रिकी आहे. ती रचना कारखान्यात उत्पादनात गेली असेल, तर तंत्रज्ञान व नवोपक्रम. मी एक साधी कसोटी लावतो: त्या सदरातल्या एखाद्या नामवंत प्राध्यापकाला हा दावा एका वाक्यात सांगितला, तर तो पुढे काय ते विचारेल, की ‘हे आमच्यात कसे?’ असे म्हणेल? दुसरी शक्यता वाटली, तर सदर बदलावे. आणि सदर बदलले की मजकूरही बदलावा. अभियांत्रिकीसाठी लिहिलेला मजकूर तसाच उचलून रसायनशास्त्रात टाकला, तर त्यात जी गोष्ट मुख्य असायला हवी ती तळटीपेत जाऊन बसलेली दिसते.

उमेदवाराशी बोलणे

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा. बायोडाटा मागवून त्यावरून मजकूर लिहिण्याची पद्धत सर्रास आहे आणि तिच्यामुळेच निम्मे अर्ज एकसारखे दिसतात. त्याऐवजी उमेदवाराकडे दोन तास मागावेत, शक्यतो त्याच्या प्रयोगशाळेत बसावे, आणि जुन्या नोंदवह्या समोर ठेवायला सांगावे.

सौरपॅनेलांवर काम करणाऱ्या एका संशोधिकेबरोबर मी असा बसलो होतो. पहिला अर्धा तास त्या प्रत्येक वाक्यात ‘आम्ही केले’, ‘आमच्या गटाने केले’ असेच सांगत होत्या. मी विचारले, “मॅडम, काहीतरी बिघडते आहे अशी पहिली शंका तुम्हाला कुठे आली?” त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, गच्चीवर.” पावसाळ्यात त्या एका इमारतीच्या गच्चीवरची मांडणी तपासायला गेल्या होत्या. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी ऋण टोकाकडची पॅनेले कमी वीज देत होती, आणि धन टोकाकडची व्यवस्थित होती. धूळ असती तर सगळीकडे सारखी असती. त्यांनी नोंदवही उघडून त्या दिवसाचे पान दाखवले. पेन्सिलीने पॅनेलांची ओळ काढली होती, प्रत्येक चौकोनात मोजमाप होते, शेवटच्या चौकोनांभोवती दोनदा गोल केला होता आणि कडेला एकच शब्द होता: ‘का?’ पानाचा कोपरा पावसाने फुगला होता.

त्यानंतरचा सगळा शास्त्रीय भाग त्या प्रश्नातून उलगडत गेला. दमट, उष्ण हवेत पॅनेलची चौकट आणि आतले घट यांच्यातील विद्युतदाबामुळे गळती प्रवाह वाहतो, काचेतले सोडियमचे आयन घटांकडे सरकतात आणि घटांची क्षमता घसरते. ऋण टोकाकडच्या पॅनेलांत हा दाब सर्वाधिक ऋण असतो, म्हणून घसरणही तिथेच दिसते. या प्रकारची घसरण उलट दाब देऊन बऱ्याच अंशी भरून काढता येते. ही घटना जगाला आधीपासून ठाऊक होती आणि मॅडमनी ती शोधल्याचा दावा आम्ही कुठेही केला नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत ती वेळीच ओळखण्याची साधी, गच्चीवरच करता येण्याजोगी चाचणी त्यांनी बसवली, हे त्यांचे काम होते, आणि ते चार शोधनिबंधांत विखुरलेले होते. एकाही निबंधाच्या शीर्षकात ते दिसत नव्हते.

म्हणून विचारायचे प्रश्न असे ठेवावेत: पहिली शंका किंवा कल्पना कधी आली, तेव्हा इतरांचे काय मत होते, कोणता प्रयोग फसला, तुम्ही नसता तर या कामातले काय राहून गेले असते, आणि आज कोण ते वापरत आहे. हे बोलणे मराठीतच व्हावे असा माझा अनुभव सांगतो. अर्ज इंग्रजीत भरायचा असला, तरी माणूस आपल्या भाषेत ‘मी मोजले’, ‘मला वाटले’ असे सरळ सांगतो आणि कोणी काय केले ते स्पष्ट होते. आधी ते तसेच टिपून घ्यावे; भाषांतर नंतर करता येते.

मजकूर लिहिणे

छाननी समितीचे अध्यक्ष सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार असतात, आणि विज्ञान खात्यांचे सचिव, विज्ञान व अभियांत्रिकी अकादमींचे सदस्य आणि काही नामवंत शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ तिच्यात असतात. ही अत्यंत जाणकार मंडळी असली, तरी तुमच्या उमेदवाराच्या उपविषयातली असतीलच असे नाही. त्यामुळे पहिला परिच्छेद विज्ञानाच्या कोणत्याही शाखेतल्या शास्त्रज्ञाला एका वाचनात कळला पाहिजे. सूत्रे, आद्याक्षरांची लघुरूपे आणि प्रकल्पांचे क्रमांक त्यात येऊ देऊ नयेत.

‘डॉ. अमुक यांनी सौरऊर्जेच्या क्षेत्रात मोलाचे योगदान दिले असून त्यांचे अनेक शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते आणि ते कोणालाही लागू पडते. त्याऐवजी असे लिहावे: ‘समुद्रकाठच्या दमट हवेत सौरपॅनेलांची क्षमता अकाली घसरते; ही घसरण पॅनेल न उतरवता, गच्चीवरच ओळखण्याची पद्धत डॉ. अमुक यांनी विकसित केली.’ प्रश्न, माणूस आणि त्याची कृती एका वाक्यात आली. पुढच्या वाक्यात आकडा यावा, आणि आकड्याबरोबर तो कुठे, किती काळ, किती पॅनेलांवर मोजला हेही यावे. नुसती टक्केवारी जाणकाराला पटत नाही.

प्रश्नाचे महत्त्व सांगण्यासाठी वाचकाच्या अनुभवातली घटना घ्यायला हरकत नाही. वीजजाळ्याच्या नियंत्रणावर काम करणाऱ्या संशोधकाच्या अर्जात १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवून देता येते, जेव्हा मुंबई महानगर परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. एका वाक्यात ते येऊन जावे. परंतु उमेदवाराच्या कामामुळे तो प्रसंग टळला असता, असे सिद्ध करता येत नसेल तर सुचवूही नये. समितीत त्या घटनेच्या चौकशीची माहिती असलेले कोणी असू शकते, आणि एक अतिशयोक्ती सापडली की उरलेला प्रामाणिक मजकूरही संशयाने वाचला जातो.

कार्यालयीन वळणाचे ‘करण्यात आले’, ‘साध्य करण्यात आले’ हे शब्दप्रयोग शोधून काढून टाकावेत, कारण त्यांत कर्ता लपतो, आणि इथे कर्त्याचाच तर प्रश्न आहे. ऊर्जा-संशोधन बहुतांशी गटाने होते. पवईच्या केंद्राने राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेबरोबर देशभरातल्या सौरपॅनेलांच्या टिकाऊपणाची जी पाहणी अनेक फेऱ्यांत केली, तसे काम एकट्याचे असूच शकत नाही. अशा ठिकाणी उमेदवाराचा वाटा नेमका सांगावा: मोजमापाची पद्धत कोणी ठरवली, माहितीचे विश्लेषण कोणाचे, गटाचे नेतृत्व कोणाकडे. सहकाऱ्यांच्या वाट्याचा उल्लेख मोकळेपणाने करावा. त्याने उमेदवार लहान होत नाही, उलट शिफारस विश्वासार्ह होते. आणि खरोखरच तिघा-चौघांचे काम वेगळे काढता येत नसेल, तर विज्ञान टीमसाठी नाव द्यावे, ते अधिक न्यायाचे.

पुरावे

पन्नास शोधनिबंधांच्या यादीपेक्षा पाच निबंध आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचे टिपण जास्त उपयोगी पडते: यात नवे काय, आणि उमेदवाराचे काम कोणते. संदर्भसंख्या आणि एच-निर्देशांक (निबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांची सांगड घालणारा आकडा) एकाच स्रोतातून, एकाच दिवशी घ्यावेत आणि ती तारीख लिहावी. स्कोपस आणि गुगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या सूचींचे आकडे सहसा जुळत नाहीत, आणि सरमिसळ झाली की निष्काळजीपणा दिसतो. पेटंटच्या बाबतीत ‘अर्ज केला’ आणि ‘मंजूर झाले’ हे स्वतंत्र लिहावे.

ऊर्जेच्या कामाला वापरणाऱ्याचे पत्र हा फार मोलाचा पुरावा असतो. वीजकेंद्राच्या देखभाल अभियंत्याने संस्थेच्या लेटरहेडवर लिहिलेल्या चार ओळी, की ही पद्धत आम्ही अमुक महिन्यापासून वापरतो आणि तिच्यामुळे तपासणीचा वेळ इतका वाचला, याला कोणत्याही निर्देशांकाची सर येत नाही. हे पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून ते सर्वांत आधी मागावे.

अणुऊर्जेत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या कामाचा मोठा भाग प्रसिद्ध करता येत नाही, त्यामुळे निबंधांची यादी आखूड दिसते. इथे काय उघड सांगता येईल ते संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी ठरवून घ्यावे, आणि कामाचे स्वरूप न सांगता त्याची जबाबदारी, व्याप्ती आणि परिणाम यांवर भर द्यावा. मजकुराचा प्रत्येक मसुदा त्या मंजुरीच्या चौकटीत आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी शिफारस करणाऱ्याचीही आहे.

शिफारसपत्रे मागताना पत्र देणाऱ्यांना उमेदवाराचा पूर्ण बायोडाटा पाठवून मोकळे होऊ नये. प्रत्येकाला वेगळा मुद्दा सोपवावा. एकाने शास्त्रीय नावीन्यावर लिहावे, दुसऱ्याने उपयोगावर. किमान एक पत्र असे असावे, ज्याच्या लेखकाचा उमेदवाराबरोबर एकही संयुक्त शोधनिबंध नाही.

अर्ज भरताना

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर नोंदणी करून अर्ज भरायचा असतो. लिहायला बसण्यापूर्वीच पोर्टलवरचे सगळे रकाने उघडून शब्दमर्यादा आणि जोडपत्रांचा आकार नोंदवून घ्यावा, नाहीतर आठशे शब्दांत बेतलेला मजकूर ऐन वेळी कापावा लागतो आणि कात्री नेमकी चांगल्या भागावर चालते. मजकूर स्वतंत्र फाइलमध्ये तयार करून मग चिकटवावा. उमेदवाराचे नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे ना ते पाहावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे निबंध दोन नावांनी असतात, त्याचा एका ओळीत खुलासा द्यावा. अंतिम मजकूर वेगळ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि नंतर कागद बाजूला ठेवून त्याला विचारावे, की या व्यक्तीने काय केले. त्याला सांगता आले नाही, तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल संथ होते, म्हणून अर्ज चार दिवस आधीच दाखल करावा.

दाखल केल्याची पोच, सगळी जोडपत्रे आणि संपादन करता येईल असा मूळ मजकूर एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत उमेदवाराला द्यावी. निवड झाली नाही आणि वय बसत असेल, तर पुढच्या वर्षी हाच अर्ज पुन्हा देता येतो, फक्त तो जसाच्या तसा देऊ नये. मी प्रत्येक फोल्डरमध्ये ‘नवीन’ नावाची एक फाइल ठेवतो आणि वर्षभरात उमेदवाराकडून काही कळले, एखाद्या केंद्राने पद्धत स्वीकारली, पेटंट मंजूर झाले, की त्याच दिवशी तारखेसह तिच्यात लिहून ठेवतो. गच्चीवरच्या त्या चाचणीच्या फाइलमध्ये आतापर्यंत सहा नोंदी झाल्या आहेत.